शाळा उघडण्याआधीची कटिंग

पुण्याहून सोलापूरकडे जाताना भिगवण मागे पडले, की थोड्या वेळाने डाळज लागते. डाळज हे एक गाव नव्हे. डाळज क्रमांक १, २ आणि ३ अशी एकाच नावाची तीन गावे आहेत. इंदापूर तालुक्याचा हा भाग उजनीच्या फुगवट्याला लागून आहे. उन्हाळा संपत आला, की पाणी दूर सरकते आणि काठावर चिखलाच्या वाळलेल्या रेघा एकाखाली एक दिसू लागतात. पाऊस अजून आलेला नसतो. शाळा मात्र १५ जूनच्या सुमारास उघडणार असते.

अशा वेळी, जूनच्या पहिल्या-दुसऱ्या रविवारी या भागातल्या कोणत्याही सलूनच्या बाकावर तासभर बसावे. खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकून तिच्यावर लहान पोर बसवलेले असते. पोर आरशातून बापाकडे बघत असते आणि बाप कारागिराला एकच सांगत असतो, "पार बारीक मारा मामा, दिवाळीपर्यंत बघायला नको!"

ही मागणी पुरी होऊ शकते का, याचे उत्तर सातवीतला विद्यार्थीसुद्धा काढू शकेल. डोक्यावरचा केस दिवसाला सुमारे ०.३५ मिलिमीटर वाढतो, म्हणजे महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. मशीनने ३ मिमी. केस ठेवले, तर गणपतीपर्यंत ते तीन सेंमी.च्या आसपास होतील आणि दिवाळीत जवळजवळ पाच सेंमी. होऊन कानांवर येतील. तेव्हा बापाची इच्छा पुरी होणे कठीण. मे महिन्याची सुट्टी ४५ दिवसांची धरली, तर तेवढ्या काळात केस वाढतात दीड सेंटिमीटरच्या आसपास. 'सुट्टीत कसे रान माजलेय बघा' असे आपण म्हणतो, ते रान एवढेच असते.

आता दुसरे गणित करू. माणसाच्या डोक्यावर सरासरी एक लाख केस असतात. त्यांतले ८५ ते ९० टक्के एका वेळी वाढत असतात. प्रत्येकी ०.३५ मिमी. धरले, तर एका डोक्यावर दिवसाला सगळे मिळून तीस मीटर केस तयार होतो. चाळीस मुलांचा वर्ग असेल, तर रोज सव्वा किलोमीटर! फळ्यावर हे गणित मांडले, की मुले आपापल्या डोक्याला हात लावून पाहतात.

हा केस तयार कुठे होतो? त्वचेत तीन-चार मिलिमीटर खोल गेलेली एक नळी असते. तिला केशकूप म्हणतात. तिच्या तळाशी पेशी भराभर विभागत असतात. वर ढकलल्या जाताना त्या केरॅटिन नावाच्या प्रथिनाने भरतात, कोरड्या होतात आणि मरतात. त्वचेबाहेर दिसतो तो केस म्हणजे या मृत पेशींचा दोर. नख, शिंग, खूर, पक्ष्याचे पीस ही सारी केरॅटिनचीच मंडळी. या प्रथिनात गंधक असते. म्हणून केस जळाला काय आणि कोंबडीचे पीस जळाले काय, वास सारखाच उग्र येतो. चिमट्यात धरून वर्गात तो वास एकदा द्यावाच; शब्दांनी सांगितलेले मुले विसरतात, वास विसरत नाहीत.

केस मृत असल्यामुळेच कापताना दुखत नाही. आणि म्हणूनच 'कापला की जोमाने वाढतो' ही समजूत खरी असू शकत नाही. वाढ होते तळाशी. वर कात्री लागली, याची वार्ता खाली पोचवणारा एकही मज्जातंतू केसात नाही. तरीही आपल्याकडे 'जावळ काढले की केस दाट येतात' हे घरोघरी ऐकू येते. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी हा प्रश्न प्रयोगाने तपासला आणि १९२८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. वस्तऱ्याने केस काढल्याने त्यांची जाडी, रंग किंवा वाढीचा वेग बदलत नाही, असे त्यांना आढळले. मग केस राठ का वाटतो? न कापलेल्या केसाचे टोक निमुळते असते. कापलेल्या केसाचे टोक सपाट असते, आणि असे हजारो आखूड खुंट हाताला लागले, की दाट वाटतात. शिवाय तान्ह्या बाळाचे मऊ, बारीक केस वयाबरोबर जाड होणारच असतात. त्याचे श्रेय मधल्या काळात झालेल्या जावळाला मिळून जाते. जावळाचा समारंभ करायला हरकत काहीच नाही. फक्त दाट केसांचे आश्वासन त्यात नाही.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट शिक्षकांना माहीत असावी. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, नंतर सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. रोज पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक आहे. मुलाला टायफॉइड किंवा डेंग्यूसारखा मोठा ताप आला, तर एरवी वाढत राहिले असते असे पुष्कळ केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळू लागतात. फेब्रुवारी-मार्चमधल्या आजाराची गळती अशी शाळेच्या तोंडावर दिसते. घरचे म्हणतात, 'तेल बदलले म्हणून' किंवा 'टकले करा म्हणजे थांबेल.' टकले केल्याने गळती थांबत नाही, दिसेनाशी होते. काही महिन्यांत केस आपोआप परत येतात.

बारीक कापण्याच्या आग्रहामागे एक आर्थिक कारण असावे, असा माझा अंदाज आहे. पूर्वी न्हावी हा गावचा बलुतेदार होता. सुगी झाली, की वर्षाचे धान्य त्याला मिळे, आणि मग वर्षभर घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच्या हवाली. महिन्याला एकदा कापा किंवा दोनदा, बलुते तेवढेच. आता प्रत्येक वेळी रोख पैसे मोजावे लागतात. तीन पोरे असली, की एका बैठकीत खिशाला चांगलाच चाट बसतो. 'दिवाळीपर्यंत बघायला नको' यात हौस नाही, हिशेब आहे.

आता उवांकडे वळू, कारण या हंगामातल्या निम्म्या कटिंगा उवांच्या धाकाने होतात.

डोक्यातली ऊ दोन-तीन मिलिमीटर लांबीची असते. तिला पंख नसतात, उडी मारता येत नाही. सहा पायांना आकड्यांसारख्या नख्या असतात आणि त्या केसाच्या जाडीला बरोबर बसतात. डोक्याला डोके लागले, की ती एका केसावरून दुसऱ्यावर चालत जाते. दिवसातून काही वेळा रक्त पिते. डोक्यावरून खाली पडली, तर एक-दोन दिवसांत मरते. मादी दिवसाला सहा ते आठ अंडी घालते आणि प्रत्येक अंडे केसाला, त्वचेच्या अगदी जवळ, सिमेंटसारख्या चिकट द्रवाने पक्के बसवते. हीच लीख. सात ते दहा दिवसांत लीख फुटते, आणि आणखी नऊ ते बारा दिवसांत पिल्लू वयात येऊन स्वतः अंडी घालू लागते.

उवांचा अस्वच्छतेशी संबंध जोडला जातो, पण उवेला स्वच्छ केसही तितकेच चालतात. तिला उबदार त्वचा आणि धरायला केस पाहिजे, बस्स. आणि खाज? पहिल्यांदाच उवा झालेल्या मुलाला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, कारण ती उवेच्या लाळेची ॲलर्जी असते आणि ती हळूहळू तयार होते. म्हणजे शाळेच्या पहिल्या आठवड्यात डोके खाजवणाऱ्या मुलीला उवा शाळेत झालेल्याच नसतात. त्या मे महिन्यात मामाच्या गावी, लग्नघरी, दहा-बारा पोरी ओळीने सतरंजीवर झोपल्या तेव्हा आलेल्या असतात. खापर मात्र तिच्या बाकावरच्या शेजारणीवर फुटते.

इथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नोकरीला नवा होतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चौथीतल्या एका मुलीच्या वेणीत पांढऱ्या लिखा दिसल्या. बाकीच्यांना होतील या काळजीने मी तिला सर्वांसमक्ष उभे केले आणि 'डोके साफ करून मगच ये' असे सांगून घरी पाठवले. चार दिवसांनी ती आली ती डोक्याला ओढणी घट्ट बांधून. आईने पार गुळगुळीत डोके करून आणले होते. आई म्हणाली, "गुरुजी, आता तरी बसवाल ना वर्गात?" दिवाळीच्या सुट्टीपर्यंत त्या मुलीने ओढणी काढली नाही. खेळाच्या तासाला ती भिंतीला टेकून उभी राही.

तिच्या लिखा मला नीट आठवतात. त्या डोक्यापासून दोन बोटे दूर, वेणीच्या पेडात होत्या. आता वरचे गणित इथे लावून पाहा. लीख केसाला चिकटलेली असते. ती स्वतः सरकत नाही, केस वाढतो तशी दूर जाते. दोन बोटे म्हणजे तीन सेंमी. धरले, तरी तीन महिने झाले. लीख फुटते दहा दिवसांत, आणि दहा दिवसांत केस वाढतो साडेतीन मिलिमीटर. म्हणजे मी ज्यांच्यासाठी तिला घरी पाठवले, ती बहुतेक रिकामी टरफले होती! आपल्यासारख्या उष्ण हवेत ऊ क्वचित त्वचेपासून थोडी दूरही अंडी घालते, म्हणून निव्वळ अंतरावर शंभर टक्के विसंबू नये. पण टरफल पांढरे आणि चमकदार दिसते, जिवंत लीख तपकिरी असते आणि नखावर दाबली तर टच्‌कन फुटते. आयाबायांना हे माहीत असते. मला माहीत नव्हते.

मुलीचे डोके भादरणे ही आपल्या समाजात साधी गोष्ट नव्हे, हेही मला तेव्हा कळायला हवे होते. विधवांच्या केशवपनाचा इतिहास फार जुना नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केस कापायचे नाहीत, असे ठरवले होते. वस्तरा हातात असलेल्यांनी स्वतःच नकार दिला, हे मला त्या हकिगतीत फार मोठे वाटते. आज कायद्याचीही बाजू आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्याला बंदी घातली आहे. केस वाढले म्हणून परिपाठाला कात्री चालवणे हे या कलमाच्या बाहेर राहील, असे कोणी समजू नये.

बरे, भादरल्याशिवाय उवा जातात का? जातात. नुसते आखूड कापल्याने मात्र जात नाहीत, कारण ऊ राहते ती त्वचेलगतच्या सेंटिमीटरभर केसात, आणि तेवढा केस 'सोल्जर कट'मध्येही उरतोच. खरा उपाय फणीचा आहे. केस ओले करून, भरपूर तेल लावून, एकेक बट वेगळी घ्यावी. बारीक दातांची फणी मुळापासून टोकापर्यंत ओढावी आणि प्रत्येक वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसावी. दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन-तीन आठवडे. औषध वापरायचे तर एक टक्का परमेथ्रिनचे लोशन दहा मिनिटे ठेवून धुवावे आणि नवव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा लावावे. दुसऱ्यांदा का? औषधाने उवा मरतात, पण काही लिखा वाचतात. त्या फुटून बाहेर आलेली पिल्ले वयात येण्याआधी गाठायची, म्हणून नववा दिवस. हा मुद्दा समजावून सांगितला नाही, तर दुसरी खेप कोणी करत नाही आणि 'औषध खोटे निघाले' असे ठरते.

ऊस, डाळिंब, द्राक्षांच्या पट्ट्यात एक गोष्ट पालकसभेत बजावून सांगायला हवी. पिकावर फवारायचे कोणतेही कीटकनाशक डोक्याला लावायचे नाही. त्यांतली कित्येक द्रव्ये त्वचेतून थेट रक्तात जातात आणि लहान मूल दगावू शकते. रॉकेलही नको, ते त्वचा भाजते आणि चुलीजवळ पेट घेते.

आता सलूनमधल्या हत्यारांविषयी. मशीन चालवून झाले, की कानामागे आणि मानेवर वस्तऱ्याने रेघ काढतात. लहानशी जखम झाली तर तुरटीचा खडा फिरवतात. तुरटीमुळे रक्तातली प्रथिने साकळतात आणि रक्त थांबते, पण तुरटीने विषाणू मरतात असे नाही. कावीळ ब चा विषाणू वाळलेल्या रक्तात आठवडाभर तग धरू शकतो. म्हणून पाते नवे हवे, आणि तुरटीचा एकच खडा सगळ्यांच्या मानेवर नको. नवे पाते डोळ्यांसमोर मोडून अर्धे वस्तऱ्यात बसवण्याची पद्धत चांगली आहे. पालकांनी 'मामा, पाते बदलता ना?' एवढे विचारायला संकोच करू नये. चांगला कारागीर रागावत नाही. फण्या ५५ अंशांपेक्षा गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवल्या, की त्यांवरच्या उवा-लिखा मरतात.

मशीन आणि फणी यांवरून जाणारा दुसरा पाहुणा म्हणजे डोक्यातला नायटा. ही केरॅटिनवर जगणारी बुरशी. मोठ्यांपेक्षा प्राथमिक शाळेतल्या मुलांना ती जास्त होते. डोक्यावर गोल चट्टा पडतो, त्यावर कोंड्यासारखे पापुद्रे असतात आणि केस मुळाशी तुटल्याने काळे ठिपके दिसतात. चाईचा चट्टाही गोल असतो, पण तो तुळतुळीत असतो; पापुद्रे नाहीत, खाज सहसा नाही. चाई हा संसर्ग नव्हे. शरीराची संरक्षक यंत्रणाच केशकूपांवर उलटते, म्हणून ती पडते. चाईच्या मुलाला वेगळे बसवणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा. नायट्याला मात्र नुसते मलम पुरत नाही, कारण बुरशी केसाच्या मुळाशी असते. डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे पोटातून औषध घ्यावे लागते. औषध सुरू झाले, की मूल शाळेत येऊ शकते. टोपी आणि फणी तेवढी वेगळी ठेवावी.

केसांचा रंगही थोडे सांगतो. उन्हाने काळा केस भुरा होतो, पण तो टोकाकडे जास्त, कारण टोक जुने असते आणि त्याने ऊन अधिक खाल्लेले असते. प्रथिनांची मोठी कमतरता काही महिने झाली आणि मग आहार सुधारला, तर केसावर फिका आणि गडद असे पट्टे उमटतात. उजनीच्या काठावरच्या रेघा जशा पाणी कधी कुठे होते ते सांगतात, तसेच हे. महिन्याला एक सेंमी. हे माप असल्याने पट्टा डोक्यापासून किती दूर आहे, यावरून कुपोषणाचा काळही काढता येतो. ऊसतोडणीवरून परतलेल्या कुटुंबातले असे मूल दिसले, तर केसावरून निदान करत न बसता वजन-उंची मोजून आरोग्य केंद्राकडे पाठवावे. निदान डॉक्टरांचे, दिसल्यावर कळवणे आपले.

एवढे झाल्यावर मुलांना हाताने करायला काहीतरी हवे. जून हा त्यासाठी उत्तम महिना आहे, कारण हवा कोरडीची दमट होते. केसाला दमटपणा कळतो. पाण्याची वाफ केरॅटिनच्या साखळ्यांमध्ये शिरते आणि केस फुगतो, थोडा लांबतोही. अगदी कोरड्या हवेपासून पूर्ण दमट हवेपर्यंत लांबीतला फरक सुमारे दोन ते अडीच टक्के असतो. जिनीव्हाच्या सोस्यूर यांनी १७८३ मध्ये या गुणावर आधारलेल्या आर्द्रतामापकाचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि केसांवर चालणारी अशी उपकरणे वेधशाळांत पुढे कितीतरी वर्षे वापरली गेली.

सलूनमधले आखूड केस इथे कामाचे नाहीत. मुलींच्या कंगव्यातून निघालेले पाव मीटर लांबीचे दोन-तीन केस घ्यावेत. रिठ्याच्या पाण्याने धुऊन तेल पूर्ण काढावे, नाहीतर केस ओलावा घेत नाही. उभ्या पुठ्ठ्यावर वरच्या बाजूला केसांचे एक टोक चिकटपट्टीने पक्के करावे. खाली खराट्याची १५ सेंमी.ची काडी आडवी घेऊन तिचे एक टोक टाचणीवर सैल फिरेल असे बसवावे. टाचणीपासून एक सेंमी.वर केसांचे खालचे टोक काडीला बांधावे. थोडे पुढे काडीला छोटे नाणे चिकटवावे, म्हणजे केस ताणलेले राहतील. दुपारच्या कोरड्या हवेपासून पावसाच्या दमट हवेपर्यंत २५ सेंमी.चा केस सुमारे अडीच मिमी. लांबतो. काडीच्या टोकाशी हीच हालचाल पंधरा पट, म्हणजे साडेतीन सेंमी.हून अधिक दिसते. केस लांबला, की टोक खाली येते.

पुठ्ठ्याभोवती ओले फडके गुंडाळून अर्ध्या तासाने काडी जिथे थांबेल, तिथे 'ओले' अशी खूण करावी. उघड्या कोरड्या दुपारी जिथे थांबेल, तिथे 'कोरडे'. मग रोज सकाळी अकराला आणि दुपारी चारला नोंद फळ्याच्या कोपऱ्यात. इंदापूर-बारामतीचा भाग पर्जन्यछायेत येतो. ढग येतात आणि न बरसता पुढे जातात. अशा दिवसांतही काडी खाली उतरलेली दिसते, हे मुलांना दाखवावे. महिनाभरात केस थोडे सैल पडतात. तेव्हा नवे घालावेत आणि दोन्ही खुणा पुन्हा करून घ्याव्यात.